पुढची ओळ

आमच्या ग्वाल्हेरात बेसूर असणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. हे हस्सू खाँ-हद्दू खाँचं गाव. शिंद्यांच्या दरबारातली ख्यालगायकी इथल्या मराठी मुलांनी उस्तादांच्या पायाशी बसून उचलली, पुढे बाळकृष्णबुवांनी ती इचलकरंजीला नेली आणि तिथून ती महाराष्ट्रभर पसरली. १९१४ साली इथे शंकर गांधर्व महाविद्यालय निघालं, १९१८ साली भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत महाविद्यालय. माझ्या लहानपणी संध्याकाळी जनकगंज-दौलतगंजच्या गल्ल्यांतून चालत गेलं तर चार घरांआड एका खिडकीतून तंबोरा ऐकू यायचा. आमच्याही घरातून यायचा. आई माधव संगीत महाविद्यालयात शिकलेली. भाजी निवडता निवडता ती यमनचे आलाप घ्यायची आणि शेजारी बसून मटार सोलताना मी चुकून तिच्याबरोबर गुणगुणले की तिचा हात क्षणभर थांबायचा. बोलायची काही नाही. पण तो थांबलेला हात मला कळायचा.

सहावीत असताना शाळेत पंधरा ऑगस्टच्या समूहगीतासाठी आमच्या वर्गाची निवड झाली. गाणं होतं ‘हम होंगे कामयाब’. तालमीच्या दुसऱ्या दिवशी बाई रांगेतून कान देत फिरल्या, माझ्यापाशी थांबल्या आणि अगदी हळू, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या, “तू फक्त ओठ हलव हं. आवाज काढू नकोस.” त्यांनी मला रांगेतून काढलं नाही, हे त्यांचं भलेपण. पण पंधरा ऑगस्टला मैदानावर उभी राहून मी एकेक शब्द ओठांनी नीट केला आणि त्यातला एकही माझ्या गळ्यातून गेला नाही.

पुढची तीसेक वर्षं मी ओठच हलवले. गणपतीच्या आरतीला टाळ्या माझ्या, आवाज इतरांचा. मुलाच्या बारशाला पाळणा शेजारच्या काकूंनी म्हटला. मी पाळण्याची दोरी धरून उभी होते.

२०१४ च्या २७ जानेवारीला न्यूयॉर्कमध्ये पीट सीगर नावाचा लोकगायक गेला. वय ९४. बाहेरदेशी असलेल्या माझ्या भाच्याने एक व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, “मावशी, हे तुमच्या शाळेतलं गाणं.” रात्री साडेअकराला स्वयंपाकघर आवरून मी तो लावला. एक उंच, काटकुळा माणूस, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हनुवटी आभाळाकडे. गळ्यात लांब मानेचा बॅन्जो. ती मान त्याने स्वतःच वाढवून घेतली होती, खालच्या पट्टीत गाता यावं म्हणून. खालच्या पट्टीत कशाला, तर समोरच्या साध्या माणसांचा आवाज तिथे पोहोचतो म्हणून, असं मी आपलं समजते.

तो जे करत होता ते मी नीट पाहिलं, पुन्हा पुन्हा पाहिलं. एक ओळ लोक गात असायचे. ती संपायच्या आत, सुराच्या फटीत, तो पुढच्या ओळीचे शब्द भराभर नुसते बोलून टाकायचा. म्हणजे ज्याला गाणं येत नाही तोही मागे राहायला नको. मग हात पसरायचा, आणि स्वतःचा आवाज हळूच काढून घ्यायचा. हजार माणसांचं गाणं सुरू व्हायचं आणि तो त्यांच्याकडे असा बघायचा, जणू मैफल त्यांची आहे आणि तो ऐकायला आलाय. लिहिता-वाचता न येणाऱ्यांच्या जुन्या चर्चमधली ही रीत: म्होरक्याने ओळ सांगायची, मंडळींनी गायची.

मला ती रीत ओळखीची वाटली, कारण मी ती पाहिलेली होती. नाना, म्हणजे माझे आजोबा, मला ढोलीबुवांच्या मठात कीर्तनाला न्यायचे. बुवा अर्धा चरण म्हणून हात पुढे करायचे, उरलेला अर्धा आमचा. कुणाचा सूर कुठे लागतोय हे तिथे कुणी बघत नव्हतं. नाना तर बेसूरच होते, माझ्यासारखे. घरात गात नसत, मठात मोकळ्या गळ्याने गात. तानसेन समारोहाच्या सकाळी हजीऱ्याला तानसेनाच्या समाधीपाशी याच परंपरेतले ढोलीबुवा हरिकथा करतात, तिथेच मीलाद होतो, आणि सूफी संत मोहम्मद गौस साहेबांच्या मजारीवर चादर चढते. संध्याकाळी मोठमोठे गवई येतात, तिथे आपण ऐकायचं असतं, मान डोलवायची असते. सकाळी मात्र म्हणायचं असतं. ग्वाल्हेरला ही दोन्ही अंगं आहेत, पण शहर मिरवतं ते संध्याकाळचं. मीही तेवढंच खरं धरून चालले होते.

पीटच्या घरात पहिल्यापासून संगीत होतं. बाप चार्ल्स संगीताचा प्राध्यापक, आई व्हायोलिन वाजवणारी. पहिल्या महायुद्धाला चार्ल्सने उघड विरोध केला आणि बर्कलीच्या विद्यापीठातली जागा गमावली. त्याच युद्धात चार्ल्सचा भाऊ, ॲलन नावाचा तरुण कवी, १९१६ साली फ्रान्समध्ये लढताना मारला गेला. एका भावाला युद्धाने नेलं, दुसऱ्याची युद्धाला नाही म्हटलं म्हणून नोकरी गेली. अशा घरात ३ मे १९१९ रोजी पीट जन्मला.

सोळा-सतरा वर्षांचा असताना, १९३६ साली, नॉर्थ कॅरोलिनातल्या ॲशव्हिल गावच्या लोकसंगीताच्या जत्रेत त्याने पाच तारांचा बॅन्जो ऐकला आणि तो त्याच्या डोक्यातून गेलाच नाही. हार्वर्डचं शिक्षण अर्ध्यावर सुटलं. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ॲलन लोमॅक्सच्या हाताखाली लोकगीतांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून निवडायचं काम मिळालं. १९४० च्या मार्चमध्ये स्थलांतरित शेतमजुरांच्या मदतीसाठी न्यूयॉर्कला कार्यक्रम होता, तिथे वुडी गथ्री भेटला. हा धुळीच्या वादळांनी उठवलेल्या ओक्लाहोमाचा माणूस, गाणी त्याच्या खिशात. पीट त्याच्याबरोबर वाट फुटेल तिकडे फिरला. मजुरांच्या संपात गायला, संघटनांच्या सभांत गायला.

गथ्रीने आपल्या गिटारवर लिहिलं होतं, हे यंत्र फॅसिस्टांना मारतं. पीटने पुढे आपल्या बॅन्जोच्या चामड्यावर कडेकडेने लिहिलं, हे यंत्र द्वेषाला वेढा घालतं आणि शरण यायला लावतं. मारण्यापासून वेढ्यापर्यंतचा हा प्रवास मला फार मोठा वाटतो. किल्ल्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना वेढा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. त्याला लागते चिकाटी आणि माणसं. आत अडकलेल्याला जिवंत बाहेर यायची वाट त्यात उरते.

१९४९ साली ही चिकाटी पणाला लागली. न्यूयॉर्कच्या उत्तरेला पीकस्किलजवळ पॉल रॉबसन या कृष्णवर्णीय गायकाचा जलसा होता, पीटही गायला. रॉबसन कम्युनिस्टांचा मित्र आणि वर काळा. जमावाला तेवढं कारण पुरलं. ४ सप्टेंबरला कार्यक्रम संपवून माणसं निघाली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी दगडांचा वर्षाव झाला. पीटच्या गाडीत बायको तोशी आणि लहान मुलं होती. काचा फुटल्या. त्याच सुमारास हडसन नदीकाठी बीकन गावाजवळ नवराबायको स्वतःच्या हाताने लाकडाचं घर बांधत होते. वीज नाही, नळ नाही. त्या दिवशी गाडीत येऊन पडलेले दगड पीटने जपून ठेवले आणि घराच्या चुलाण्याचं धुराडं बांधताना त्यात बसवले. पुढची साठ-पासष्ट वर्षं तो त्या धुराड्याशी हात शेकत बसला.

या तोशीबद्दल थांबून लिहायला हवं, कारण अशा बायकांबद्दल कुणी थांबत नाही. बाप जपानी, आई अमेरिकन. १९४३ साली लग्न झालं, पीट तेव्हा लष्करात होता. जपानशीच युद्ध चालू होतं आणि तो पुढे प्रशांत महासागरातल्या सायपान बेटावर जाऊन राहिला. त्या काळात त्या देशात जपानी नावाच्या मुलीने काय सोसलं असेल! पुढे नवरा गावोगाव गात फिरला तेव्हा त्या बिनवीजेच्या घरात मुलं तिने वाढवली, झऱ्यावरून पाणी तिने आणलं, आणि त्याच्या कार्यक्रमांच्या तारखा, प्रवास, पैसे हे सगळं तिनेच बघितलं. २०१३ च्या जुलैत, लग्नाला ७० वर्षं व्हायला थोडे दिवस उरले असताना ती गेली. त्यानंतर पीट सहा-सात महिनेच जगला.

१९५० साली पीटच्या ‘वीव्हर्स’ या चौकडीची तबकडी अमेरिकेत तेरा आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. एवढं यश मिळालं आणि कम्युनिस्टद्वेषाच्या लाटेत दोन-तीन वर्षांत धुऊन गेलं. रेडिओ बंद, सभागृहं बंद. १८ ऑगस्ट १९५५ ला त्याला संसदीय चौकशी समितीपुढे उभं केलं. अमक्या सभेत गायलात का, तमका तुमच्या ओळखीचा का? स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही, या कलमाचा आडोसा बहुतेक साक्षीदार घेत. पीटने तो घेतला नाही. माझी मतं, माझा धर्म, माझे स्नेही हा कुठल्याही अमेरिकन माणसाला विचारायचा प्रश्नच नव्हे, असं त्याने सांगितलं. गाण्यांबद्दल विचारा, सांगतो; म्हणाल तर गाऊन दाखवतो. ते त्यांना नको होतं. संसदेच्या अवमानाचा खटला झाला, १९६१ साली एक वर्षाची शिक्षा सुनावली गेली. तेव्हाही त्याने न्यायाधीशांकडे वादातलं गाणं म्हणायची परवानगी मागितली. मिळाली नाही. १९६२ साली वरच्या न्यायालयाने शिक्षा रद्द केली. दूरचित्रवाणीची दारं मात्र मोठ्या वाहिन्यांवर १९६७ पर्यंत बंदच राहिली. आणि उघडली तेव्हा त्याने व्हिएतनामच्या चिखलात माणसांना ढकलणाऱ्या मूर्ख पुढाऱ्यावरचं गाणं म्हटलं. ते कापण्यात आलं. काही महिन्यांनी पुन्हा बोलावलं तेव्हा त्याने तेच म्हटलं, आणि या वेळी देशाने ऐकलं.

त्या बंदीच्या काळात त्याने काय केलं, तर शाळा धरल्या. कॉलेजं, मुलांची उन्हाळी शिबिरं, चर्चचे तळघरातले हॉल. मिळेल त्या बिदागीवर जायचं, गायचं, गाऊन घ्यायचं आणि कुणी आंदोलन उभं करायच्या आत पुढच्या गावाला निघायचं. आपल्याकडे याला गनिमी कावा म्हणतात. सरकारला वाटलं, गवयाचं तोंड बंद झालं. तो तर देशभरच्या पोरांना ओळी सांगत सुटला होता, आणि तीच पोरं साठीच्या दशकात रस्त्यावर उतरली.

त्याचं चुकलंही. तरुणपणी तो कम्युनिस्ट पक्षात होता आणि स्टॅलिनच्या राज्यात काय चाललंय हे त्याने फार उशिरा पाहिलं. १९४१ साली त्याच्या मंडळींनी युद्धविरोधी गाण्यांचा संच काढला, आणि हिटलरने रशियावर हल्ला करताच तो बाजूला ठेवून हिटलरविरोधी गाणी गायली. हे शांततेवरचं प्रेम की पक्षाचा आदेश, असा प्रश्न कुणी विचारला तर तो रास्त आहे. म्हातारपणी त्याने स्टॅलिनबद्दल जाहीर माफी मागितली, वर गाणंही लिहिलं. मला त्याचा हा उशीर खटकतो. माफी मागताना त्याने कारणं दिली नाहीत असं नाही, पण मागितली. आपल्या आसपासच्या किती मोठ्या माणसांनी मागितली, ते आठवून पाहते.

आता ते शाळेतलं गाणं. इंग्रजीत ते ‘वी शॅल ओव्हरकम’. त्याचं मूळ कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भजनात. १९४५-४६ च्या हिवाळ्यात साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटन गावी तंबाखू कारखान्यातल्या कामगारांनी संप केला, त्यात बहुतेक काळ्या बायका. थंडीत फाटकापाशी उभ्या राहून त्या हे गाणं म्हणायच्या. ‘मी’ होतं तिथे ‘आम्ही’ झालं. टेनेसीतल्या हायलँडर नावाच्या कामगार-शाळेत झिल्फिया हॉर्टन या बाईंनी ते त्यांच्याकडून शिकून घेतलं, त्यांच्याकडून १९४७ साली पीट शिकला. त्याने काही कडवी घातली, एक शब्द इकडचा तिकडे केला, चाल सगळ्यांना झेपेल अशी बसवली. १९५७ साली हायलँडरमध्ये त्याने ते गायलं तेव्हा समोर मार्टिन ल्यूथर किंग बसले होते. १९६० साली गाय कॅरवान या गायकाने काळ्या विद्यार्थ्यांच्या सभेत ते शिकवलं, आणि तिथून ते कुणाच्या हातात राहिलं नाही. पीट आणि त्याच्या सोबत्यांनी त्याचं मानधन स्वतःच्या घरात येऊ दिलं नाही. ते हायलँडरच्या निधीत जायचं आणि दक्षिणेतल्या काळ्यांच्या कामासाठी वापरलं जायचं.

त्याचं हिंदी केलं गिरिजाकुमार माथुरांनी. हे कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठले. माथुर अशोकनगरचे, म्हणजे तेव्हाच्या ग्वाल्हेर संस्थानातले, आणि शिकले ते ग्वाल्हेरच्या व्हिक्टोरिया कॉलेजात! आताचं महाराणी लक्ष्मीबाई कॉलेज. तिथून मी आयुष्यभर जाते-येते. तंबाखूच्या कारखान्यातल्या बायकांचं गाणं समुद्र ओलांडून आमच्या गावच्या एका विद्यार्थ्याच्या हातून आमच्या शाळेच्या मैदानात आलं, आणि तिथे मी ते ओठांत धरून उभी राहिले.

दुसराही एक धागा आहे. पीट, तोशी आणि मुलं १९६३-६४ साली जगाच्या फेरीवर निघाली, भारतातही आली. ‘रघुपति राघव राजाराम’ ही धून त्याने उचलली आणि अमेरिकन श्रोत्यांकडून म्हणून घेतली. आपण गातो ती चाल विष्णु दिगंबर पलुस्करांची मानली जाते, आणि पलुस्कर बाळकृष्णबुवांचे शिष्य, म्हणजे गायकी ग्वाल्हेरची. हे मी आईला उत्साहाने सांगितलं तेव्हा ती हसली. म्हणाली, “अगं, पलुस्करांनी तरी काय केलं? गाणं बैठकीतून उचललं आणि रस्त्यावर नेलं.” आई तेव्हा ठीक होती.

पीटच्या उत्तरायुष्यातली एक गोष्ट मनातून जात नाही. घरासमोरची हडसन नदी कारखान्यांनी आणि गटारांनी नासवली होती. त्याने लोक जमवून १०६ फुटांचं जुन्या धर्तीचं शिडाचं जहाज बांधवलं, १९६९ साली पाण्यात उतरवलं, आणि गावोगावच्या धक्क्यांवर गाणी म्हणत मुलांना नदी दाखवली. लोक नदीपाशी आले की तिची काळजी आपोआप घेतील, एवढा साधा हिशोब. नदी पुष्कळ सुधारली. आमच्या ग्वाल्हेरच्या स्वर्णरेखा नदीवरून रिक्षा जाते तेव्हा मी नाकाला पदर लावते, आणि तो हिशोब आठवतो.

नव्वदीला टेकलेला असताना, इराक युद्धाच्या दिवसांत, तो शनिवारी घराजवळच्या हमरस्त्याच्या कडेला शांततेची पाटी घेऊन उभा राहायचा. चार-दोन माणसं बरोबर. गाड्या भरधाव जायच्या. गळा तर तेव्हा गेलेलाच होता. शेवटच्या वर्षांतल्या कार्यक्रमांचे व्हिडिओ मी पाहिलेत. तो गात जवळजवळ नाहीच. कापऱ्या आवाजात ओळ सांगतो आणि हात पसरतो. बाकीचं लोक करतात. आयुष्यभर त्याने जी सवय लोकांना लावली, तिने शेवटी त्याला सांभाळलं.

गेली तीन वर्षं आईचं विस्मरण वाढत चाललंय. वय ८४. मला ती अक्का म्हणते. अक्का तिची थोरली बहीण. दिवस बरा जातो. दिवेलागणीला मात्र ती घाबरी होते, दाराशी जाते, घरी जायचंय म्हणते. औषधं आहेत, त्यांनी गुंगी येते. एका संध्याकाळी मला काही सुचेना, तिला पलंगावर बसवलं, पाय चेपत हरिपाठाचा पहिला चरण नुसता बोलले. गायले नाही, बोलले. आणि आई गायला लागली. चरण पूर्ण केला आणि थांबली. दुसरा चरण तिला आठवत नव्हता. मी सांगितला. तो तिने गायला.

तेव्हापासून रोज. ओळ आधी सांगायची, घाईने, तिचा आधीचा सूर संपायच्या आत. उशीर झाला तर ती पुन्हा दाराकडे बघायला लागते. नुसतं बोलून भागत नाही असंही काही दिवसांनी कळलं. कधी कधी शब्द सांगूनही ती सुरू होत नाही, तिला सुराचं बोट धरायला लागतं. म्हणून मी गाते. ज्या घरात तीस-चाळीस वर्षं तोंड मिटून राहिले त्याच घरात, उघड्या खिडकीशी, मोठ्याने. माझा सूर अजून कुठेतरीच लागतो. आई चादरीवर बोटांनी ताल धरते. परवा मी एका ठिकाणी फारच घसरले, मलाच ऐकू आलं, आणि जुन्या सवयीने मी तिच्या हाताकडे बघितलं. बोटं चालू होती.

तेवढ्यात खाली दूधवाल्याने हाक मारली. मी गप्प झाले, उठायला लागले. आईने डोळे न उघडता माझं मनगट धरलं.

“अक्का,” ती म्हणाली, “पुढची ओळ सांग ना.”